पंधरा दिवसांची मुदत



ज्या गुरुजींच्या स्मृतीप्रीत्यर्थ आपण ही व्याख्यानमाला चालवीत आहात, त्यांची आणि माझी ओळख एका नाकारल्या गेलेल्या अर्जामुळे झाली. जिल्ह्याच्या परिवीक्षा विभागाचा कारभार हाती घेऊन मला तेव्हा थोडेच महिने झाले होते. निरीक्षणगृहातून घरी परतलेल्या एका मुलाला गावातील एकही शाळा दाखल करून घेईना, आणि तीन शाळांच्या पायऱ्या उतरून झाल्यावर मी त्या मुलाला घेऊन गुरुजींच्या कचेरीत शिरलो. त्यांनी अर्ज वाचला, चष्मा काढून मेजावर ठेवला, मुलाकडे निरखून पाहिले आणि विचारले, "अपूर्णांकांचा भागाकार येतो का रे?" मुलगा म्हणाला, "गुणाकार येतो." "मग सोमवारपासून ये," गुरुजी म्हणाले. त्याने काय केले होते हे त्यांनी त्या दिवशी विचारले नाही आणि पुढेही कधी विचारले नाही.

त्या गुरुजींच्या नावाने बोलण्याचा मान आपण मला दिलात, तेव्हा विषय कोणता निवडावा याचा विचार मला करावा लागला नाही. ज्या कामात माझी बावीस वर्षे गेली, त्या कामाविषयी मी आज बोलणार आहे. कायद्याशी संघर्षात आलेल्या मुलांवर देखरेख ठेवणारा, त्यांच्या घरादाराची चौकशी करून न्यायासनाला अहवाल देणारा जो लहानसा सरकारी विभाग प्रत्येक जिल्ह्यात असतो, तो कसा चालतो, कसा चालावा आणि कोठे अडतो, हे मला सांगावयाचे आहे. आपल्यापैकी बहुतेकांना त्या विभागाचे नाव ठाऊक नसेल. 'रिमांड होम' हा शब्द मात्र प्रत्येकाला ठाऊक असतो, कारण तो घराघरांतून खोडकर मुलांना धाक घालण्यासाठी वापरला जातो.

प्रथम शब्दाविषयी थोडेसे. परीक्षा आणि परिवीक्षा हे दोन्ही शब्द 'ईक्ष्', म्हणजे पाहणे, या एकाच धातूपासून आले आहेत. सरकारी नोकरीत नव्याने लागलेल्या माणसाला आपण परिवीक्षाधीन म्हणतो, आणि तेथे त्याचा अर्थ परीक्षेच्या जवळचाच असतो: नेमलेल्या मुदतीत माणूस लायक ठरतो की नाही ते पाहणे. मुलाच्या बाबतीत हा अर्थ अपुरा पडतो. येथे 'परि' या उपसर्गाचे म्हणणे अक्षरशः ऐकावे लागते. सभोवार पाहावयाचे आहे. मुलगा पाहावयाचा, आणि त्याच्या भोवती जे जे आहे, घर, गल्ली, शाळा, सोबती, उपास, कर्ज, तेही पाहावयाचे. माझे सगळे व्याख्यान या एका उपसर्गावर उभे आहे असे म्हटले तरी चालेल.

हे पाहणे सुरू कोणी केले? १८४१ साली अमेरिकेतील बोस्टन शहरात जॉन ऑगस्टस नावाचा जोडे तयार करणारा एक गृहस्थ न्यायालयात गेला आणि एका दारुड्याला तुरुंगात पाठविण्यापूर्वी आपल्या हवाली करावे अशी त्याने विनंती केली. न्यायाधीशांनी ती मान्य केली. मुदतीनंतर तो मनुष्य सुधारलेल्या स्थितीत न्यायासनापुढे उभा राहिला, आणि ऑगस्टसने मग मरेपर्यंत, म्हणजे १८५९ पर्यंत, सुमारे दोन हजार माणसांसाठी जामीन राहून हे काम केले. त्यांत लहान मुले-मुलीही होत्या. याबद्दल त्याला सरकारी वेतन नव्हते. पगारी परिवीक्षा अधिकारी नेमण्याचा कायदा मॅसॅच्युसेट्स राज्याने केला तो १८७८ मध्ये, आणि मुलांसाठी निराळे न्यायालय शिकागोत स्थापन झाले ते १८९९ मध्ये. म्हणजे कायदा मागाहून आला, दप्तर त्याच्याही मागाहून आले. आरंभी होता तो एक शेजारी, जो न्यायालयात उठून उभा राहिला आणि म्हणाला, याला माझ्या हवाली करा.

आपल्याकडचा क्रम याच्या उलट आहे, आणि तो उलट असल्याचे परिणाम आपण अजून भोगीत आहोत असे माझे मत आहे. आपल्याकडे आधी भिंती आल्या. १८५० च्या शिकाऊ उमेदवारांच्या कायद्याने दहा ते अठरा वर्षांच्या मुलांना धंदा शिकण्यासाठी करारबद्ध करण्याची तजवीज केली. १८५७ मध्ये मुंबईत डेव्हिड ससून यांच्या नावाची औद्योगिक सुधारशाळा निघाली. १८७६ व १८९७ च्या कायद्यांनी सुधारशाळांचा पाया घातला. १८९८ च्या फौजदारी संहितेत चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर प्रथम अपराध्याला सोडण्याचे कलम होते खरे. परंतु सोडल्यावर त्याच्याकडे पाहावयाचे कोणी, या प्रश्नाला त्या कलमात उत्तर नव्हते. ते उत्तर मुंबई इलाख्याला मिळू लागले १९२४ च्या बाल अधिनियमापासून. १९२७ मध्ये मुंबईत बालन्यायालय स्थापन झाले, त्याच वर्षी चिल्ड्रन्स एड सोसायटी निघाली, डोंगरीच्या उमरखाडीतील रिमांड होमचा कारभार तिच्याकडे आला, आणि गिरणगावातील चाळींचे जिने चढून मुलाच्या घरी जाणारा एक नवा सरकारमान्य मनुष्य मुंबईने पाहिला. १९३६ मध्ये नागपाडा येथे सर दोराबजी टाटा यांच्या नावाची समाजकार्याची पदव्युत्तर शाळा सुरू झाली आणि या कामाला शिकलेली माणसे मिळू लागली. पुढे जिल्ह्याजिल्ह्यांतून परिवीक्षा व अनुरक्षण संघटना निघाल्या. या नावातील 'अनुरक्षण' हा शब्द मला फार प्रिय आहे. सुटून गेलेल्याच्या मागे मागे जाऊन त्याचे रक्षण करणे, असा त्याचा सरळ अर्थ आहे. फलकावर तो अजून दिसतो. अंदाजपत्रकात मात्र शोधावा लागतो.

आजचा कायदा २०१५ चा आहे आणि तो १५ जानेवारी २०१६ पासून अंमलात आला. त्याची सगळी कलमे मी येथे उलगडीत बसणार नाही. आपल्याला उपयोगी तेवढेच सांगतो. अठरा वर्षांखालील मुलाला पोलिसांनी ताब्यात घेतले तर त्याला कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही, आणि चोवीस तासांच्या आत त्याला बाल न्याय मंडळापुढे उभे करावे लागते. मंडळात एक दंडाधिकारी आणि दोन समाजकार्यकर्ते असतात, त्यांपैकी एक तरी स्त्री असलीच पाहिजे. चौकशी सामान्यतः चार महिन्यांत संपवावयाची. शेवटी मंडळ मुलाला समज देऊन सोडू शकते, समुपदेशनास पाठवू शकते, समाजसेवेचे काम देऊ शकते, दंड करू शकते, पालकाच्या किंवा एखाद्या योग्य व्यक्तीच्या ताब्यात जास्तीत जास्त तीन वर्षे परिवीक्षेवर ठेवू शकते, किंवा अगदीच निरुपाय झाला तर विशेष गृहात पाठवू शकते. आणि या सगळ्याच्या मुळाशी एक कागद आहे. परिवीक्षा अधिकाऱ्याने, मुलाला प्रथम हजर केल्यापासून पंधरा दिवसांत, सामाजिक तपास अहवाल सादर करावयाचा असतो. आमच्या जुन्या कारकुनांच्या तोंडी त्याचे नाव 'गृहचौकशी' असे होते, आणि ते नाव अधिक खरे आहे.

पंधरा दिवस. माझ्या नोकरीतील सारी धडपड या दोन शब्दांभोवती फिरत राहिली. आपण हिशेब करून पाहा. पंधरा दिवसांतून दोन शनिवार आणि दोन रविवार वजा करा. मंडळाची बैठक आठवड्यातून दोनदा असेल तर चार दिवस तेथे हजर राहावे लागते. एक दिवस मासिक पत्रके, बैठका आणि वरिष्ठ कार्यालयाच्या तातडीच्या पत्रांत जातो. उरले सहा. एका अधिकाऱ्याच्या हाती त्या वेळी वीस मुलांची प्रकरणे असतील, आणि ती मुले जिल्ह्याच्या चार दिशांच्या चार तालुक्यांतील असतील, तर सहा दिवसांत वीस उंबरठे कसे गाठावयाचे? एस.टी.ची वेळ साधून एका दिवसात दोन गावे होतात, फार तर तीन. मग मनुष्य काय करतो? तो पालकांना मंडळाच्या आवारातच गाठतो, बाकावर बसवून प्रश्न विचारतो, छापील नमुन्याची घरे भरतो, आणि त्या कागदाला गृहचौकशी म्हणतो. मी त्याला दोष देत नाही. पण ज्या विभागाचा प्रमुख हे जाणूनही गप्प बसतो, त्याला मी दोष देतो. कारण प्रमुखाचे पहिले कर्तव्य कोणते, असे मला कोणी विचारले तर मी सांगेन, की आपल्या माणसाचा दिवस मोकळा करणे. पत्रके मी भरावी, बैठकांना मी जावे, वरिष्ठांची बोलणी मी खावी, प्रवासभत्त्याच्या देयकामागे मी हेलपाटे घालावे. अधिकाऱ्याने गावी जावे.

आता मी आपल्याला एक प्रकरण सांगतो. कायद्याने मुलाची ओळख उघड करण्यास मनाई आहे, आणि ती मनाई मला मनापासून मान्य आहे. म्हणून गाव, वर्ष, नाव यांपैकी काही सांगणार नाही.

एका हिवाळ्यात माझ्या मेजावर एका पंधरा वर्षांच्या मुलाचा अहवाल आला. विहिरीवरच्या मोटारीची केबल कापून, ती जाळून, आतले तांबे भंगारवाल्याला विकल्याचा आरोप होता. बरोबर दोन मोठी मुले होती, ती पळाली, हा सापडला. अहवालात लिहिले होते: "घर बंद आढळले. पालकांचे मुलाकडे दुर्लक्ष आहे. मुलास वाईट संगत आहे. सबब संस्थेत ठेवणे योग्य." चार वाक्ये. मी ते वाचले आणि मला काहीतरी आठवले. कपाटातून मागच्या तीन महिन्यांचे अहवाल काढून चाळले, तर "पालकांचे मुलाकडे दुर्लक्ष आहे" हे वाक्य त्यांत जवळजवळ प्रत्येकात होते, त्याच शब्दांत, त्याच जागी. एवढ्या घरांतील आईबाप एकाच तऱ्हेने दुर्लक्ष करतात, हे कसे शक्य आहे?

मी अधिकाऱ्याला बरोबर घेतले आणि दोघे त्या गावी गेलो. घराला खरोखरच कुलूप होते. शेजारच्या ओट्यावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते, त्यांना विचारले. ते म्हणाले, "कारखान्याला गेलीत ना ती. दसऱ्यानंतर इथं कोण ऱ्हातंय?" मुलाचे आईबाप ऊसतोडीला गेले होते. मुकादमाचे नाव विचारले, त्याला फोन लावला, टोळी कोठे उतरली आहे ते काढले, आणि दुसऱ्या दिवशी दोन जिल्हे ओलांडून आम्ही त्या कोप्यांपर्यंत पोचलो.

सायंकाळ झाली होती. बाई नुकतीच फडातून आली होती, तिने डोक्यावरचा वाढ्यांचा भारा खाली टाकला आणि आम्हांला पाहून ती उभीच राहिली. मुलाचे नाव घेताच तिने पहिला प्रश्न विचारला, "जेवतो का?" मग हळूहळू सगळे बाहेर आले. कोयत्याची उचल घेतलेली, ती फिटेपर्यंत परतता येत नाही. पूर्वी मुलालाही बरोबर नेत असत. पण तो नववीत गेला, मास्तर म्हणाले हुशार आहे, म्हणून यंदा शाळा बुडू नये यासाठी त्याला आजीजवळ गावी ठेवला. दिवाळीच्या सुमारास आजी वारली. अंत्यविधीला बाप एक दिवस येऊन गेला. पुढे पंधरवड्यात कोणाची तरी सोय लावतो असे मुलाला सांगून गेला, आणि सोय लागली नाही. पोरगा एकटाच घरात राहिला, स्वतः भाकरी करून खाऊ लागला, पीठ संपले तेव्हा त्या दोन मोठ्या मुलांच्या ताटात जेवू लागला, आणि ज्यांच्या ताटात जेवला त्यांच्याबरोबर रात्री विहिरीवर गेला. "शाळेसाठीच ठेवला हो त्याला," बाई पुनःपुन्हा म्हणत होती.

श्रोतेहो, हे दुर्लक्ष आहे का? आईबापांनी मुलाच्या शाळेसाठी स्वतःचे काळीज तोडून त्याला मागे ठेवले, आणि आमच्या दप्तराने त्याला दुर्लक्ष असे नाव दिले.

परत आल्यावर मी निरीक्षणगृहाची जिनसांची नोंदवही मागविली. मुलाला दाखल करताना त्याच्या अंगावर काय काय होते याची यादी तीत करतात. त्याच्या नावापुढे लिहिले होते: एक सदरा, एक चड्डी, करदोड्यास बांधलेली पितळी किल्ली एक. ज्या कुलपाकडे पाहून आमच्या अधिकाऱ्याने 'घर बंद' असे लिहिले, त्या कुलपाची किल्ली आमच्याच कपाटात, आमच्याच पिशवीत, आमच्याच चिठ्ठीसह पडून होती. त्या मुलाशी अर्धा तास बसून कोणी बोलले असते तरी एवढे कळले असते.

दुसरा अहवाल गेला. मंडळाने मुलाला तालुक्याच्या गावी राहणाऱ्या मामाच्या ताब्यात, एक वर्षाच्या परिवीक्षेवर दिले. तो दहावीला एकदा नापास झाला, दुसऱ्यांदा उत्तीर्ण झाला, आणि आज एका दुकानात नोकरीस आहे.

या प्रकरणानंतर मी विभागात एक नियम घातला आणि निवृत्त होईपर्यंत तो मोडू दिला नाही. प्रत्येक अहवालात, जो दारापर्यंत गेला त्यालाच ठाऊक असेल अशी एक तरी गोष्ट असली पाहिजे. मुलगा रात्री कोठे झोपतो; घरात त्याला कोणाची भीती वाटते; त्याच्या हाती पैसे कोण देतो; बाप मुलाविषयी बोलताना आईकडे पाहतो की जमिनीकडे. अशी गोष्ट नसेल तर मी अहवाल परत करीत असे. आरंभी कुरकूर झाली. पण हळूहळू अहवालांतील ते छापील वाक्य नाहीसे झाले, आणि मंडळाच्या सदस्यांनी एकदा बैठकीत सांगितले, की आता तुमचे अहवाल वाचण्यापूर्वीच शेवटचा परिच्छेद पाहण्याची आमची सवय गेली. कोणत्याही प्रशस्तिपत्रापेक्षा मला ते वाक्य मोठे वाटले.

आता दुसऱ्या गोष्टीकडे येतो. अहवाल पंधरा दिवसांचा असतो, परिवीक्षा वर्षांची असते. मुलाला एक वर्ष, दोन वर्षे ज्याच्या देखरेखीखाली राहावयाचे, तो मनुष्य तेवढा काळ त्या जागेवर राहिला पाहिजे, हे सांगावयास फार बुद्धी लागत नाही. पण व्यवहार काय आहे? जिल्हा बाल संरक्षण कक्षांतील विधी तथा परिवीक्षा अधिकाऱ्यांसारखी पदे कंत्राटी आहेत. मुदत संपते, नूतनीकरणाचा आदेश लांबतो, मानधन थकते, आणि चांगली शिकलेली मुले-मुली दुसरीकडे निघून जातात. माझ्या विभागात एका मुलाच्या वाट्याला दीड वर्षात तीन अधिकारी आले. तिसऱ्या अधिकारी बाई पहिल्यांदा त्याच्या घरी गेल्या, तेव्हा त्याने त्यांना पाणी दिले आणि विचारले, "तुम्ही किती दिवस?" ज्याच्या आयुष्यात वडील माणसे टिकत नाहीत म्हणून तो आमच्याकडे आला, त्याला आम्हीही न टिकणारी माणसे पुरवीत गेलो. पुलासाठी, इमारतीसाठी, वाहनांसाठी पैसा मागताना कोणी अवघडत नाही. परिवीक्षा अधिकाऱ्याचे पद कायम करा, त्याला त्याच जिल्ह्यात किमान तीन वर्षे राहू द्या, ही मागणी करताना मीही अवघडत नाही. आणि ती मी आज या व्यासपीठावरून पुन्हा करतो.

आपल्यापैकी काहींच्या मनात एव्हाना एक प्रश्न उभा राहिला असेल, आणि तो रास्त आहे. ज्याच्या घरी चोरी झाली, ज्याचा मुलगा मारहाणीत जायबंदी झाला, ज्याच्या मुलीवर अत्याचार झाला, त्याचे काय? मुलाच्या भाकरीची एवढी चौकशी करणारे हे लोक त्याच्या दारी कधी गेले का? मी या प्रश्नाला बगल देणार नाही. सोळा ते अठरा वयाच्या मुलाकडून घोर अपराध घडल्याचा आरोप असेल, तर त्याच्या शारीरिक-मानसिक क्षमतेचे प्राथमिक मूल्यांकन करून प्रकरण बालकांच्या न्यायालयाकडे पाठविण्याची तरतूद आजच्या कायद्यात आहे. ती करताना देशभर केवढा वाद झाला हे आपल्याला आठवत असेल. मला सांगावयाचे आहे ते एवढेच, की खरी गृहचौकशी ही त्या पीडित घराच्याही बाजूची असते. जामिनावर सोडल्याने मुलगा पुन्हा अट्टल गुन्हेगारांच्या संगतीत पडेल, किंवा त्याच्याच जिवाला वा मनाला धोका पोचेल, असे दिसले तर जामीन नाकारता येतो. माझ्या सहीने असे अहवाल गेले आहेत, ज्यांत मी या मुलाला घरी पाठवू नये असे स्पष्ट लिहिले, कारण त्याला चोरीवर पाठविणारा त्याचा सख्खा चुलता त्याच घरात बसलेला मी पाहिला होता. न पाहता दिलेली दया आणि न पाहता दिलेली शिक्षा यांत मला फरक दिसत नाही. दोन्ही कागदावरच्या आहेत.

दप्तराविषयी एक गोष्ट थोडक्यात सांगून पुढे जातो, कारण तिची माहिती पालकांना जवळजवळ नसते. बाल न्याय मंडळाकडून निकाल लागलेल्या मुलाला त्या निकालामुळे पुढे कोणतीही अपात्रता येत नाही, आणि ठराविक काळानंतर त्याचे अभिलेख नष्ट करावयाचे असतात. बालकांच्या न्यायालयाने सोळा वर्षांवरील मुलाला घोर अपराधाबद्दल दोषी ठरविले असेल तर तेवढा अपवाद. आमच्या राज्यकारभाराला कागद जपण्याची सवय पेशव्यांच्या आधीपासूनची आहे, आणि जुना कागद जाळणे म्हणजे पाप असे कोणत्याही कारकुनाला वाटते. पण येथे जपून ठेवणे हाच अन्याय असतो. एकोणीस-वीस वर्षांचा एखादा तरुण भरतीला जातो, धावतो, लेखी परीक्षा पास होतो, आणि चारित्र्य पडताळणीच्या वेळी कोठल्यातरी ठाण्याच्या कपाटातून त्याच्या चौदाव्या वर्षीची सायकल बाहेर येते. विभागप्रमुखाने वर्षातून एकदा आपले कपाट उघडून, मुदत संपलेल्या नस्त्या मंडळाच्या आदेशाने नष्ट करून घ्याव्यात आणि पोलिसांनाही तसे लेखी कळवावे. हे काम कोणत्याही पत्रकात मोजले जात नाही. म्हणूनच ते राहून जाते.

शेवटचा मुद्दा आपल्या गावाचा आहे. इंग्लंडमध्ये १९९८ च्या एका कायद्याने प्रत्येक स्थानिक परिषदेवर अशी जबाबदारी टाकली, की पोलीस, परिवीक्षा, शिक्षण, आरोग्य आणि समाजसेवा या खात्यांची माणसे एकाच पथकात बसवावी आणि मुलाचा प्रश्न एकत्र पाहावा. अमेरिकेत बऱ्याच राज्यांत हा विभाग परगण्याच्या स्थानिक शासनाकडे असतो. आपल्याकडे तो राज्य शासनाच्या महिला व बाल विकास खात्याकडे आहे. शाळा जिल्हा परिषदेकडे किंवा नगरपालिकेकडे, दवाखाना आरोग्य खात्याकडे, ठाणे गृह खात्याकडे. एका मुलाचे चार तुकडे चार मेजांवर असतात. गावोगावी ग्राम बाल संरक्षण समित्या स्थापन करावयाच्या आहेत, सरपंच त्यांचा अध्यक्ष असतो. या समित्या जिवंत असत्या, तर आजी वारल्यावर एक पोरगा एकटा घरात राहतो आहे, हे त्या गावाला विहिरीवरची केबल जाण्याआधी कळले असते. ओट्यावरच्या त्या म्हाताऱ्या गृहस्थांना सारे ठाऊक होते. त्यांना विचारणारे कोणी नव्हते.

म्हणून आपल्याकडे माझे मागणे आहे, आणि ते अगदी नेमके आहे. या सभागृहात शिक्षक आहेत. मधल्या वर्गात आलेल्या मुलाचा अर्ज आपल्या मेजावर आला तर तो परत करू नका. येथे वकील, डॉक्टर, निवृत्त अधिकारी आहेत. बाल न्याय मंडळावरील समाजकार्यकर्त्या सदस्यांच्या निवडीची जाहिरात निघते तेव्हा पात्र असाल तर अर्ज करा, आणि निवड झाली तर बैठकीला नियमाने जा. येथे दुकानदार आहेत, शिवणकाम, सुतारकाम, छपाई करणारे आहेत. चौदा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला, कायद्याने चालेल असे, धोक्याचे नसलेले काम शाळा सांभाळून शिकविण्याची आपली तयारी असेल तर तसे कळवा.

आमच्या विभागात एक लांबट, कापडी बांधणीची वही आहे. 'साह्य करणाऱ्या नागरिकांची नोंद' असे तिच्यावर लिहिले आहे. पहिल्या पानावर पहिली सही गुरुजींची आहे, निळ्या शाईतली. मी निवृत्त झालो त्या दिवशी तीत एकतीस नावे होती, आणि वही दोनशे पानांची आहे. आज येताना मी ती विभागाच्या परवानगीने बरोबर आणली आहे. दाराजवळच्या मेजावर ती उघडून ठेवली आहे, आणि शेजारी पेन आहे.